रामजन्माला उशीर, मारुतीला घाई

देवळातल्या घड्याळानं बाराचा पहिला टोला दिला तेव्हा आमचे अध्यक्ष 'स्निग्धांश' या शब्दावर होते.

मंडपात अख्खं माळशिंग दाटीवाटीनं बसलं होतं. बायकांच्या ओंजळीत फुलं, बाप्यांच्या मुठीत गुलाल, पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हातात, वर नगारखान्यात टिपरू उगारलेलं. आणि नारदाच्या गादीवर, जिथं कीर्तनकाराखेरीज कुणी पाय ठेवत नाही तिथं, आबासाहेब जगदाळे उभे. माळशिंग तालुका दूध संघाचे अध्यक्ष. माईक त्यांनी असा धरला होता की तो त्यांच्याकडनं काढून घ्यायला कुणीतरी येणार आहे याची त्यांना कल्पना असावी. रामराज्यात दुधातुपाच्या नद्या वाहत होत्या, असं त्यांचं चाललं होतं, आणि आज आपला संघ त्याच नद्या पिशवीतून घरपोच वाहवतोय, नवं केशर-वेलची दूध, ज्यात स्निग्धांश...

ठण्ण.

मी संघाची जनसंपर्क अधिकारी, म्हणून पहिल्या रांगेत. मी आधी डोळ्यांनी खुणावलं, मग हातांनी, शेवटी पदर हलवून. आबांना वाटलं मी टाळ्या वाजवायला सांगतेय. ते आणखी फुलले. बाजूला कीर्तनकार वासुदेवबुवा चिंचोरे चिपळ्या छातीशी धरून डोळे मिटून उभे होते. बाराही टोले संपले. कुणीतरी चुळबुळत उचललेली ओंजळ खाली केली, मग सगळ्या ओंजळी खाली आल्या. शेवटी देवस्थानचे प्रमुख विश्वस्त नाना मुतालिक उठले आणि त्यांनी कर्ण्याची वायर उपटली. मग राम जन्मला, विनामाईक. सुंठवडा खाताना कुणी कुणाकडं बघेना.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण साऱ्या तालुक्याच्या फोनात गेलं. गावच्या केबल वाहिनीनं मथळा दिला, 'प्रभूंना कुणी थांबवलं?' उशीर नक्की किती झाला यावर पैजा लागल्या. जे चार मिनिटं म्हणत होते त्यांना संघाचे हस्तक ठरवण्यात आलं. कुणी आबांच्या भाषणाला मागून तान्ह्या मुलाचं रडणं जोडलं. एका ज्योतिषानं तर त्या उशिराच्या वेळेची रामाची कुंडली मांडून दाखवली. तीत वनवासच नव्हता. सरकारी नोकरी होती.

हसून हसून गाव पोट धरत होतं असं वाटेल, पण तसं नव्हतं. हसू वरवरचं आणि राग आतला होता. आणि तो राग, कसा कोण जाणे, आबांना सोडून बुवांवर जाऊन बसला. गादी बुवांची. तिथं दुसऱ्याला उभं राहू दिलं तर जबाबदार कोण? विश्वस्तांनी बैठक बोलावली, बुवांना विचारलं, आणि बुवा म्हणाले की होय, जबाबदार मीच. झालं. मारुतीजन्माचं कीर्तन बुवांच्या नावानं आधीच जाहीर झालेलं होतं, ते पौर्णिमेला करायचं, आणि त्यानंतर माळशिंगची सेवा बंद. बुवांच्या वडिलांपासून चालत आलेली सेवा.

मला ते ऐकून जेवण जाईना. माझे वडील मला खांद्यावर बसवून बुवांच्या कीर्तनाला न्यायचे. मला पाढे येत नव्हते तेव्हा कीर्तनातले पूर्वरंग आणि उत्तररंग कळत होते. आणि दुसरं असं, की मी पहिल्या रांगेत होते. आबा गादीवर चढायला लागले तेव्हा बुवांनी त्यांच्या दंडाला हात लावून हळूच काय सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. 'आबा, जन्म होऊ द्या, मग बोला.' हे बुवांनी बैठकीत काढलंच नाही. मी नाना मुतालिकांच्या घरी जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, तू संघाची नोकर, तुझं कोण खरं धरणार, आणि बुवा स्वतः का बोलत नाहीत?

इकडं आबांनी पुण्याहून माणूस बोलावला. परितोष सबनीस. प्रतिमा सावरणारा. तरतरीत, हसरा, पायात मोजे न घालता बूट. संचालक मंडळाच्या खोलीत पडदा लावून त्यानं आम्हाला दुपारभर धडे दिले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडले, कारण त्याचीही कीर्तनाचीच पद्धत होती. आधी सिद्धांत, मग दृष्टांत. फक्त पुराणांच्या जागी बातम्या आणि मालिका. एका नटाचं लग्न मोडलं, तर त्यानं त्याच आठवड्यात तीन पायांचं कुत्रं पाळायला घेतलं. महिनाभर देश कुत्र्याची तब्येत विचारत होता. सिद्धांत: कॅमेरा दुसरीकडं वळवा. एका मालिकेतल्या सासूनं सुनेला विष घातलं, लोक खवळले, वाहिनीनं पुढच्याच भागात सासूला देवघरात चक्कर आणली आणि लोक तिच्यासाठी नवस बोलायला लागले. सिद्धांत: पडलेल्याला कुणी मारत नाही.

आबा एकदम सावध झाले. "म्हणजे मी चक्कर येऊन पडायचं?"

परितोष म्हणाला, पर्याय खुला ठेवू. आबांनी खुर्चीतल्या खुर्चीत जरा मान टाकून बघितली. संचालकांपैकी दोघांना ती पटली, तिसरा म्हणाला की झोपल्यासारखं वाटतं.

मग तो कामाच्या गोष्टीवर आला. संघाच्या नावानं खुलासा काढायचा. त्यानं तो तयारच करून आणला होता. 'कीर्तनकारांनी वेळेचे योग्य नियोजन न केल्यामुळे झालेल्या विलंबाबद्दल संघास खेद वाटतो.' एक वाक्य, पण काय गुळगुळीत होतं. बुवा त्यावरून घसरून थेट तालुक्याबाहेर पडले असते. त्यावर सही माझी हवी होती.

मी सही करणार नाही म्हणाले. आबा म्हणाले, मग काय करायचं ते सुचव. मला काहीच सुचत नव्हतं, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, हा कागद आधी बुवांना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवा, मग मी सही करते.

आबा माणूस वाईट नव्हते. माईक समोर नसला की ते अगदी तुमच्याआमच्यासारखे असत. ते म्हणाले, चल.

आम्ही गेलो तेव्हा बुवा आणि माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दूरदर्शनसमोर बसले होते. मालिका लागली होती. तीच ती, विषवाल्या सासूची. बुवांनी हातानंच आम्हाला बसायची खूण केली. "थांबा आबा, दोन मिनिटं. आज ती खरं सांगणार आहे."

आम्ही बसलो. सासू खूप वेळ श्वास घेत राहिली आणि जाहिरात लागली. बुवांनी मांडीवर चापट मारली. सहा महिने झाले, रोज सांगणार सांगणार म्हणतेय. मग आमच्याकडं वळून म्हणाले की सगळ्या घराला ठाऊक आहे, पाहणाऱ्या सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी लोक रोज बसतात, ते तिच्या तोंडून ऐकायला.

आबांनी कागद काढला, पण वाचवेना. माझ्या हातात दिला, मलाही वाचवेना. शेवटी बुवांनीच चष्मा लावून वाचला आणि भाषा सुरेख आहे म्हणाले. पाठवायचा असेल तर पाठवा, पण त्याआधी माझं एक काम करा. मारुतीजन्माला नगारखान्यावर बसणाऱ्या गेनू घडशांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. त्यांच्या जागी तुम्ही बसाल का?

हे काम काय, ते सांगायला हवं. मारुतीचा जन्म सूर्योदयाचा. पण माळशिंग पडलं बशीत. पूर्वेला डोंगर, मंडपातून सूर्य काही दिसत नाही. पंचांगात छापलेली वेळ आमचं गाव मानत नाही. खिंडीत सूर्याची कड दिसायची, नगारखान्यावरच्या माणसानं ती आपल्या डोळ्यांनी बघायची आणि नगारा ठोकायचा. नगारा वाजला की जन्म. सगळं गाव त्या एका माणसाच्या डोळ्यांवर.

आबांनी माझ्याकडं बघितलं, बुवांकडं बघितलं. "मी? मला बसवायचं? परवा मीच वेळ घालवली, बुवा."

"म्हणून तर," बुवा म्हणाले, आणि जाहिरात संपल्यामुळं परत सासूकडं वळले.

आबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पौर्णिमेपर्यंत थांबू, म्हणाले. लोक तेव्हाही शांत झाले नाहीत तर मात्र हा जाणार, वैजयंता, आणि सही तुझीच जाणार. परितोष तर फोनवर असा उसळला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. कमबॅक म्हणतात तो हाच, म्हणाला. दुसऱ्या भागात नायक उंच बुरुजावर उभा, मागून प्रकाश. नाना मुतालिक हो म्हणतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, वर माईक नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग बसू दे.

पौर्णिमेच्या पहाटे मी आबांबरोबर वर. त्यांच्या डोक्याला भगवा फेटा, हातात टिपरू. खाली मंडप गच्च भरलेला. राग होता, पण कीर्तन आणि मारुती दोन्ही सोडवत नव्हते. गादीवर बुवा. शेवटचं कीर्तन म्हणून असेल, किंवा पहाटेची हवा म्हणून, बुवांचा आवाज असा लागला होता की माझ्या अंगावर काटा उभा राहायचा आणि बसायच्या आत पुन्हा उभा राहायचा. अंजनीची तपश्चर्या चालली होती. पायसाचा पिंड घारीनं उचलला, वाऱ्यानं तो हेलकावला. मी कठड्यावर ओणवून खाली बघत होते, ताल धरून. आबा पाठीमागं खिंडीकडं तोंड करून. नदीवरनं धुकं चढलेलं. दर थोड्या वेळानं ते विचारायचे, उजाडलं का गं? आणि मी, अजून नाही आबा, असं न बघताच सांगायची. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, हे त्यांनी आजवर फक्त घरच्यांना सांगितलं होतं. मला नंतर कळलं.

पिंड अंजनीच्या ओंजळीत पडला मात्र, माझ्या पाठीमागं आभाळ कोसळावं तसा नगारा कडाडला.

खाली एकच जल्लोष. फुलं उडाली, गुलाल उडाला, शिंग वाजलं, पाळणा हलला, बुवांनी मुरकी घेऊन पाळण्याचं पद धरलं. सुंठवड्याची ताटं फिरली. नाना मुतालिकांच्या टोपीवर गुलाल पडला आणि त्यांनी तो झटकला नाही, हे मी वरून बघितलं आणि मला रडू यायला लागलं. आबा घामाघूम, हसताहेत, ठोकताहेत. मी मागं वळले, सूर्यनारायणाला हात जोडावेत म्हणून.

खिंडीत पिवळा गोळा होता खरा. धुक्यात तेजाळलेला, गोल, दिसायला देखणा. मी हात जोडले. माझ्या डोळ्यांदेखत सूर्याचे दोन सूर्य झाले. दोन्ही घाटाची वळणं घेत खाली यायला लागले. मग वळणावर एका म्हशीला त्यांनी डिपर दिला.

"आबा," मी म्हणाले, "थांबा."

त्यांचं टिपरू हवेतच राहिलं. त्यांनी माझ्या नजरेमागं बघितलं. मी माणसाचा चेहरा इतक्या वेगानं उतरताना पुन्हा कधी पाहिला नाही.

खाली एकेकाला जाणवायला लागलं की मारुती जन्मून बराच वेळ झाला, तरी कंदिलाशिवाय शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. पद विरलं. आणि त्या शांततेत सूर्य भोंगा वाजवत मंडपासमोर येऊन थांबला, कारण रस्ताभर माणसं. त्याच्या स्टीलच्या पोटावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: माळशिंग तालुका दूध संघ. चालक खाली उतरला. समोर फुलं हातात घेतलेलं अख्खं गाव आपल्याकडं बघतंय असं पाहून त्यानं गोंधळून नमस्कार केला.

केबलवाल्याचा कॅमेरा सुरू होता. माझा फोन थरथरला. परितोष पुण्यात बसून थेट प्रक्षेपण बघत होता. आबांना एक शब्द बोलू देऊ नका, तांत्रिक बिघाड म्हणा, तो सांगत होता. नाहीतर चक्कर, चक्कर आता. पण आबा जिना उतरायला लागले होते.

मी पाठोपाठ धावले. गर्दीनं वाट दिली. आबा गादीपर्यंत गेले, पण वर चढले नाहीत. खाली उभे राहिले, फेटा काढून हातात घेतला. नाना मुतालिकांनी माईकवर हात ठेवला होता, त्याची गरज नव्हती.

"बुवा," आबा म्हणाले, "तो सूर्य नव्हता. आपला टँकर होता."

कुणी हसलं नाही. एखादा शब्द इकडचा तिकडं पडला असता तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करत नाही.

बुवांनी चिपळ्या खाली केल्या. अगदी गंभीर चेहऱ्यानं, कोर्टात विचारावं तसं विचारलं, "पण आबा, तुम्हाला तो काय वाटला?"

"सूर्य."

बुवा मंडळींकडं वळले. आणि त्यांच्या आवाजात तो उत्तररंगाचा चढ आला, जो आला की आमच्या गावाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. "आणि आपल्या बाळाला, अंजनीच्या पोराला, जन्मल्या जन्मल्या सूर्य काय वाटला?"

"फळ," गाव म्हणालं. रागातसुद्धा, पण म्हणालं.

"ज्यानं सूर्याला फळ म्हणून झेप घेतली, त्याच्या जन्माला कुणी टँकरला सूर्य म्हटलं. आता रागवायचं कुणी? मारुतीनं रागवावं म्हणता? तो तर म्हणत असेल, आई, बघ, गावात माझ्यासारखा आणखी एक आहे."

पहिलं हसू बायकांमधून आलं, दाबलेलं, नाकातून. मग ते सुटलं. मग मंडप हलायला लागला. टाळकरी टाळ टाकून एकमेकांच्या खांद्यावर पडले. चालकाच्या तोंडाला कुणीतरी गुलाल फासला, दुसऱ्यानं टँकरला हार घातला, एका आजीनं बोनेटला हळदकुंकू लावलं आणि वर बोटं मोडली. हे त्या रामनवमीनंतरच्या चेष्टेसारखं हसू नव्हतं; यात आबाही होते, त्यांचे डोळे गळत होते, पोट गदगदत होतं, आणि हसता हसताच ते मोठ्यानं म्हणाले:

"रामजन्मालाही बुवा मला नको म्हणाले होते. 'आबा, जन्म होऊ द्या, मग बोला.' हात धरला होता माझा. मीच झिडकारून चढलो."

हसू जागच्या जागी थांबलं. नाना मुतालिक बुवांकडं वळले. "मग बैठकीत बोलला का नाहीत?"

बुवा जरा ओशाळले. "त्यांनी सांगायचं ते मी कसं सांगू, नाना?"

नानांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी वर पाहिलं. डोंगरावरचं आभाळ तांबडं व्हायला लागलं होतं. या वेळी उजेड एकच होता, आणि वळणं घेत नव्हता.

"आजवर आमचं पोर सूर्याकडं उडालं," बुवा म्हणाले. "आज तो स्वतः आलाय बघायला, बाळंतपण नीट झालं का."

"बुवा, गादी धरा," नाना म्हणाले. "जन्म परत घ्यायचा. आणि ऐका, पुढल्या वर्षी रामही तुमच्याच तोंडून, ठोक्याला. आबा, तुम्ही अजून खाली काय करताय?"

आबा धावले. त्या वयात, त्या देहानं, दोन दोन पायऱ्या. मी मागं. खाली माणसं जमिनीवरची फुलं वेचत होती, गुलाल हातानं गोळा करत होती, कारण उधळायला दुसरं काही उरलं नव्हतं. वर पोचलो तर आबांनी टिपरू उचललं आणि माझ्याकडं बघत थांबले. खालून नाना ओरडले, आबा, नीट बघा, खाली कुठं पाटी लिहिलेली आहे का. गाव पुन्हा फुटलं.

"वैजयंता, आधी तू बघ," आबा म्हणाले. "हाच ना?"

मी बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. "हाच."

फोन पुन्हा थरथरायला लागला होता. पडद्यावर परितोषचं नाव, खाली त्याचा हसरा फोटो. दोन्ही हात मोकळे हवे होते, जोडायला, म्हणून मी तो नगाऱ्याच्या कातड्यावर काठाशी ठेवला आणि विसरले. आबांनी टिपरू हाणलं. खाली मारुती दुसऱ्यांदा जन्मला, आणि वर, प्रत्येक ठोक्यासरशी, परितोष सबनीस हातभर हवेत उडून परत येत होते.